इंजिनाला हात लावून बघा

विमाननगरात, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
मी हवामानशास्त्र शिकवते.
मुलं ढगांच्या उंच्या पाठ करतात,
खालून इस्त्रीची वाफ येते.

आज रावेतचे भोंडवे आले.
सोबत मुलगा, सर्वज्ञ, बारावी झालेला,
आणि कापडी पिशवीत पाच माहितीपत्रकं.
दोन गुंठे काढलेत, म्हणाले,
तुम्ही फक्त नाव सांगा, मॅडम.
कुठल्या स्कूलमधून लगेच लागते?

लागते.
नोकरी लागते तशी ठेचही लागते,
क्रियापद एकच आहे आपल्याकडे.

हा प्रश्न पुण्यात मला नवा नव्हता.
इथे साठी उलटलेल्या माणसालाही विचारतात,
शाळा कुठली तुमची?
आणि उत्तर ऐकून मग खुर्ची पुढे सरकवतात,
किंवा नाही सरकवत.
वाटलं होतं, वर गेल्यावर हे सुटेल,
चार हजार फुटांवर कोण विचारतंय.

विचारतात. गुरुग्रामला, एसीत,
तिघांतल्या मधल्याने माझं लॉगबुक उघडलं.
दोनशे तास, शिक्के, सह्या, सगळं जागच्या जागी.
मग स्कूलचं नाव वाचलं
आणि पेनाला टोपण लावलं.

आमच्या स्कूलकडे पाच विमानं होती. फोटोत.
उडायचं एक.
त्याचं चाक काढून लावलं की दुसरंही उडायचं.
उरलेल्या तिघांत साळुंक्या,
त्यांचे तास कोणी मोजले नाहीत.
चौदा महिन्यांचा कोर्स मी एकतीस महिन्यांत केला,
त्यातला बराचसा प्लास्टिकच्या खुर्चीवर,
विंडसॉक फुगताना आणि पडताना बघत.
वारा रोज यायचा. सुटा भाग यायचा नाही.

माझ्याबरोबर मेडिकल दिलेली मिहिका
एअरलाइनच्याच कोर्सला गेली, कोटीच्या वर मोजून.
तिचं विमान आता मंगळवारी रात्री
दहा पन्नासला लोहगावला उतरतं.
मला वेळ पाठ आहे. तिला माहीत नाही.

पण मग इम्तियाज तांबोळीचं काय?
आमच्याच स्कूलचा, त्याच एका चाकावर शिकलेला,
आज उजव्या सीटवर बसतो.
तो बाहेर पडला त्या महिन्यात भरती होती,
मी पडले त्या महिन्यात नव्हती.
हे कुठल्या माहितीपत्रकाच्या कितव्या पानावर छापतात?

एवढं सगळं सांगायला मी तोंड उघडलं
आणि लोहगावहून सुखोई उठलं.
खिडकीची काच थरथरली, खडू घरंगळला,
अर्धा मिनिट कोणाला काही ऐकू आलं नाही.
भोंडव्यांना वाटलं, मी नाव सांगितलं.
पेन काढून म्हणाले, परत सांगा, कुठलं म्हणालात?

नाव नाही सांगत, काका.
न कळवता जा. सकाळी अकराच्या सुमाराला.
ऑफिसात बसू नका, तिथला चहा फार चांगला असतो.
सरळ हँगरमध्ये जा आणि इंजिनाला हात लावून बघा.
चटका बसला तर उत्तम.
कोमट असेल तरी बोलणी करा.
गार असेल तर शेजारच्याला लावा, मग त्याच्या शेजारच्याला.
पाचही गार लागली
तर गुंठे परत मिळणार नाहीत, एवढं लक्षात ठेवा.
आणि तिथल्या मुलांना तास विचारू नका,
तास सगळे सांगतात.
शेवटचं कधी उडालास, ते विचारा.

भोंडव्यांनी माहितीपत्रकाच्या पाठीवर लिहून घेतलं,
'इंजिन – हात', आणि खाली रेघ मारली.

मुलगा इतका वेळ गप्प होता.
जिन्याशी जाऊन वळला.
तुम्ही, मॅडम?
तुम्ही शेवटचं कधी?

तारीख मला पाठ आहे, वारसुद्धा.
मी कपाटातून ढगांचं पुस्तक काढलं,
त्याच्या हातात दिलं,
म्हटलं, आधी हे वाच.
सातव्या पानावर चहाचा डाग आहे,
तो माझा.